काढता येणाऱ्या अलायनरनी दात सरळ करताना: पहिल्या तपासणीपासून रिटेनरपर्यंत

वेडेवाकडे दात सरळ करायचे तर पूर्वी तारा लावण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आता पारदर्शक प्लॅस्टिकचे ट्रे दातांवर चढवून तेच काम बऱ्याच अंशी होतं, आणि जेवताना ते काढून डबीत ठेवता येतात. बहुतेक जण अलायनर निवडतात ते या सोयीसाठी, आणि उपचार रखडतो तोही बहुतेक वेळा याच सोयीमुळे. दातांना चिकटवलेली तार तुमच्या लक्षात असो वा नसो, दिवसरात्र काम करत राहते. डबीतला ट्रे काहीच करत नाही. त्यामुळे अलायनर घ्यावेत की नाही हे ठरवताना दिसण्याचा विचार जरूर करा, पण आधी स्वतःला एक प्रश्न विचारा: पुढचं वर्ष-दीड वर्ष दिवसाचे २० ते २२ तास हे तोंडात ठेवणं मला जमणार आहे का?

दात मुळात हलतो कसा

हे समजून घेतलं की पुढच्या बऱ्याच सूचनांचं कारण आपोआप कळतं. दाताचं मूळ आणि जबड्याचं हाड एकमेकांना थेट चिकटलेले नसतात. मध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो, साधारण ०.२ मिलिमीटर जाडीचा. दातावर एका बाजूने हलका, सतत दाब आला की त्या बाजूचे तंतू दबतात आणि तिथलं हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात. विरुद्ध बाजूला तंतू ताणले जातात आणि तिथे नवं हाड तयार होतं. दात असा हळूहळू हाडातून वाट काढत सरकतो.

या कामाला वेळ लागतो आणि दाब टिकून राहावा लागतो. दिवसातून बरेच तास ट्रे बाहेर राहिला, तर दात मागे यायला लागतो आणि पुन्हा ट्रे घातल्यावर गेलेलं अंतर परत काटावं लागतं. उलट जास्त जोर लावला म्हणून दात वेगाने सरकत नाही. दुखणं वाढतं आणि मुळाला इजा होण्याची शक्यता वाढते. म्हणून प्रत्येक ट्रे दाताला फार तर पाव मिलिमीटर सरकवेल इतकाच वेगळा बनवलेला असतो. दात फिरवायचा असेल तर एका ट्रेमागे साधारण २ अंश. सुळा ४० अंशांनी फिरलेला असेल, तर एवढ्या एका दातासाठी वीसेक ट्रे का लागतात ते यावरून लक्षात येईल.

टप्प्याटप्प्याने बदलत जाणाऱ्या साच्यांनी दात हलवता येतील हा विचार जुना आहे. हॅरॉल्ड केसलिंग या दंतवैद्याने १९४५ मध्येच तो मांडला होता. पण प्रत्येक टप्प्याचा साचा हाताने घडवणं व्यवहारात परवडणारं नव्हतं. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी सुरू झाली आणि संगणकावर सगळे टप्पे आखून ट्रे बनवण्याची पद्धत रुळली. इन्व्हिसलाइन हे अलायनरचं नाव त्याच कंपनीचं. आज कितीतरी कंपन्या अलायनर बनवतात, आणि माझ्या मते ट्रे कोणत्या कंपनीचा यापेक्षा आखणी कोणी केली हे कितीतरी जास्त महत्त्वाचं आहे.

तुमच्या दातांना अलायनर चालतील का

थोडी गर्दी, दातांमधल्या फटी, पुढे आलेले पटाशीचे दात, पूर्वी तारा लावून सरळ केलेले आणि नंतर पुन्हा वाकडे झालेले दात: इथे अलायनर छान काम करतात. खोल चावा (वरचे पुढचे दात खालच्यांना फार झाकणं), आडवा चावा (वरचे दात खालच्यांच्या आतल्या बाजूला बसणं), जास्त गर्दी हेही अनुभवी डॉक्टरांच्या हाताखाली बऱ्याचदा जमतं.

अवघड काय, तेही आधीच माहीत असावं. सुळे आणि उपदाढा आकाराने गोलसर असतात, त्यामुळे ट्रेला त्यांच्यावर पकड मिळत नाही आणि ते फिरवणं कठीण जातं. दात हिरडीतून बाहेरच्या दिशेने ओढून लांब करणं कठीण. दात काढून ती मोठी जागा मुळांसकट भरून आणणंही कठीण, कारण दाताचं टोक सहज कलतं पण मूळ मागे राहतं. जबड्याच्या हाडांतच मोठा फरक असेल तर प्रौढ वयात नुसत्या ट्रेने तो भरून निघत नाही. तिथे शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. डॉक्टरांनी तुम्हाला तारा सुचवल्या किंवा काही महिने तारा आणि मग अलायनर असं सांगितलं, तर नाराज होऊ नका. कुठलीही केस अलायनरनी होईल असं छातीठोकपणे सांगणाऱ्यापेक्षा असं सांगणाऱ्यावर मी जास्त विश्वास ठेवेन.

इम्प्लांट, म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी बसवलेलं कृत्रिम मूळ, हाडात पक्कं बसलेलं असतं, ते हलत नाही. तुमच्या तोंडात इम्प्लांट किंवा ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला कृत्रिम दात) असेल तर आखणी त्याच्याभोवती करावी लागते. हाडांच्या ठिसूळपणासाठी औषधं घेत असाल, मधुमेह आटोक्यात नसेल, तंबाखू किंवा सिगारेट असेल, गरोदर असाल, तर पहिल्याच भेटीत सांगा. हाड ठिसूळ होऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या काही औषधांनी दात सरकण्याची क्रियाच मंदावते.

पहिली तपासणी

चांगल्या तपासणीत दातांइतकंच लक्ष हिरड्यांकडे दिलेलं असतं. डॉक्टर एका बारीक सळईने हिरडी आणि दात यांच्यामधली खोली मोजतात, कीड पाहतात, चावा पाहतात, जबड्याचा सांधा तपासतात. सगळे दात एकत्र दिसणारा एक्स-रे काढला जातो, बऱ्याचदा चेहऱ्याचा बाजूनेही. मुळांची लांबी, हाडाची पातळी, आत अडकलेला एखादा दात हे सगळं त्यातच कळतं.

कीड असेल तर आधी भरून घ्या. कीटण साफ करून घ्या. हिरड्यांतून रक्त येत असेल तर तो उपचार आधी. सुजलेल्या हिरडीत दात हलवला तर हाड झिजण्याचा वेग वाढतो, आणि झिजलेलं हाड सहजासहजी परत येत नाही. 'आधी सरळ करू, हिरड्यांचं मग पाहू' हे ऐकू आलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

घरबसल्या दातांचा ठसा पाठवायचा आणि ट्रे टपालाने मागवायचे अशीही सेवा मिळते. मी ती कोणालाच सुचवत नाही. कारण साधं आहे: फोटोवरून हाड दिसत नाही. शिवाय मध्येच काही बिघडलं तर तोंडात पाहणारं कोणी नसतं. या पद्धतीने ट्रे देणारी स्माइलडायरेक्टक्लब ही मोठी अमेरिकी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि उपचार अर्धवट राहिलेल्या लोकांना स्वतःच डॉक्टर शोधावे लागले.

स्कॅन आणि पडद्यावरची आखणी

तोंडात एक छोटा कॅमेरा फिरवून दातांची त्रिमिती प्रतिमा घेतात. काही मिनिटांचं काम, दुखत नाही. काही ठिकाणी अजून ठसा घेतात. त्यात मळमळ होऊ शकते, तेव्हा नाकाने संथ श्वास घ्या आणि मान किंचित पुढे ठेवा.

मग येतो तो भाग, ज्याने सगळेच हरखून जातात: आजचे दात हळूहळू सरकत सरळ होताना पडद्यावर दिसतात. ही आखणी म्हणजे हवामानाचा अंदाज आहे, हातात पडलेला निकाल नव्हे. संगणक दात हवा तिथे नेऊन ठेवतो, खरा दात तिथपर्यंत जाईलच असं नाही. म्हणून शेवटचं सुंदर चित्र पाहून हो म्हणू नका. मधले टप्पे सावकाश पाहा आणि हे विचारा:

– एकूण ट्रे किती, आणि किती दिवसांनी बदलायचे?
– कोणत्या दातांवर अटॅचमेंट (ट्रेच्या पकडीसाठी चिकटवायचे छोटे उंचवटे) लागतील? समोरच्या दातांवर किती?
– दातांच्या मधे घासून जागा करायची आहे का? कुठे आणि किती?
– रबर बँड लावावे लागतील का?
– या आखणीतली सर्वात अवघड हालचाल कोणती, आणि ती पूर्ण झाली नाही तर पुढे काय?
– ठरलेल्या शुल्कात नंतरचे जादा ट्रे आणि रिटेनर (सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारं साधन) धरलेत का?

यातला पाचवा प्रश्न मला सर्वात मोलाचा वाटतो. डॉक्टरांनी तुमच्या केसचा किती बारकाईने विचार केलाय ते त्याच्या उत्तरातून कळतं.

ट्रे बनून यायला साधारण दोन ते सहा आठवडे जातात. या दिवसांत दात काढू नका, मोठी कॅप बसवू नका. दातांचा आकार बदलला तर आलेले ट्रे बसणार नाहीत.

पहिला दिवस: अटॅचमेंट, घासणं आणि ट्रे काढायला शिकणं

अटॅचमेंट म्हणजे दाताच्याच रंगाचे, फिलिंगच्या मटेरियलचे छोटे उंचवटे. ट्रेला दातावर पकड मिळावी म्हणून ते चिकटवतात. दातावर जेल लावून धुतात, दात कोरडा करतात, मटेरियल भरलेला एक साचा दातांवर दाबतात आणि निळ्या प्रकाशाने ते कडक करतात. जेलची चव आंबट-कडवट लागते, ओठ बराच वेळ ताणून धरावे लागतात, बाकी त्रास नाही. साचा काढल्यावर दात खरखरीत लागतात, जीभ सारखी तिथेच जाते. आठवड्याभरात सवय होते. ट्रे घातलेला नसताना हे उंचवटे जवळून दिसतात, हे आधीच माहीत असलेलं बरं. 'कोणाला कळणारसुद्धा नाही' हे जाहिरातीतलं वाक्य पूर्ण खरं नाही.

दातांच्या मधे जागा करायची असेल तर बारीक पट्टीने किंवा चकतीने एनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कठीण आवरण, घासतात. एका जागी साधारण ०.२ ते ०.५ मिलिमीटर, दोन दातांत विभागून. एनॅमलला नस नसते, त्यामुळे इंजेक्शनची गरज सहसा पडत नाही. फक्त घासल्याचा आवाज कवटीत घुमतो. एनॅमल पुन्हा उगवत नाही, म्हणून किती घासलं याची नोंद ठेवली जाते का ते विचारायला संकोच करू नका. दात गर्दीतून सरळ झाले की हिरडीजवळ काळसर त्रिकोणी फट दिसू शकते. थोडं घासून दात एकमेकांच्या जवळ आणले की तीही कमी होते.

मग पहिला ट्रे. घालणं सोपं: आधी पुढच्या दातांवर बसवा, मग दोन्ही बाजूंच्या दाढांवर बोटांनी दाबा. दातांनी चावून बसवू नका, ट्रेला चीर जाते. नीट बसल्यावर च्युई, म्हणजे मऊ रबराचा छोटा नळीसारखा तुकडा, एकेका दाताखाली काही सेकंद दाबून धरा.

काढणं मात्र पहिल्या दिवशी खरोखर जड जातं. ट्रे नवा असतो, अटॅचमेंट नवी असतात, आणि तो अजिबात हलत नाही. तिथल्या तिथे घाबरून पुढच्या दातांवरून ओढणाऱ्यांचे ट्रे वाकतात. पद्धत अशी: बोट तोंडात सर्वात मागच्या दाढेपाशी, आतल्या म्हणजे जिभेच्या बाजूला न्या. नखाची कड ट्रेच्या काठाखाली अडकवा आणि काठ दाढेपासून सुटेपर्यंत ओढा. वरचा ट्रे खाली, खालचा वर. टक्क असा आवाज येतो. आता दुसऱ्या बाजूला तेच. दोन्ही बाजू मोकळ्या झाल्या की मगच पुढे या. बोटं कोरडी असतील तर पकड चांगली मिळते. नखं लहान असतील तर ट्रे काढायचा प्लॅस्टिकचा आकडा मिळतो, तो डॉक्टरांकडून मागून घ्या. दवाखान्यातून निघण्यापूर्वी आरशासमोर स्वतःच्या हाताने दोनतीनदा घालून-काढून दाखवा. रात्री भूक लागलेली असताना घरी हे शिकण्यापेक्षा ते बरं.

पहिला आठवडा

दात जड वाटतात, आवळल्यासारखे होतात. ट्रे घातलेला असताना जेवढं दुखत नाही तेवढं तो काढून घास चावताना दुखतं. पहिले दोन ते चार दिवस मऊ खा. फारच ठणकलं तर पॅरासिटामॉल, तेही तुम्हाला चालत असेल तर. आयबुप्रोफेनसारख्या सूज उतरवणाऱ्या गोळ्या रोज घेऊ नयेत असं बरेच ऑर्थोडॉन्टिस्ट (दात सरळ करणारे तज्ज्ञ) सांगतात, कारण दात सरकण्यासाठी शरीराला लागणारी दाहाची क्रियाच त्या दडपतात. एखाद-दुसऱ्या गोळीने बिघडत नाही.

दात किंचित हलतायत असंही वाटेल. सरकणारा दात थोडा सैल होतोच. नव्या जागी स्थिरावला की घट्ट बसतो. मात्र एखादा दात फार हलत असेल किंवा त्या जागी सूज, पू किंवा सतत ठणका असेल, तर लगेच दाखवा.

लाळ वाढते. ट्रेला शरीर काही दिवस खाण्याची वस्तू समजतं. स, श, च, ज म्हणताना जीभ अडखळते. रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचा, जीभ लवकर जागा शोधते. महत्त्वाची बैठक किंवा भाषण असेल तर नवे ट्रे त्याच्या आदल्या दिवशी सुरू करू नका. पण बोलायला त्रास होतो म्हणून ट्रे काढून ठेवायची सवयही लावून घेऊ नका. ती सुटत नाही.

ट्रेची कड जिभेला किंवा गालाला टोचत असेल तर नखं घासायच्या कानशीने ती जागा हलकेच गुळगुळीत करा. कापू नका. जखमेवर ऑर्थोडॉन्टिक मेणाचा गोळा बसवता येतो.

२२ तासांचा हिशोब

दिवसाचे दोन तास तुमचे. तीन वेळा खाणं, प्रत्येकी २५ मिनिटं, आणि दर वेळी दहा मिनिटं घासणं-धुणं: झाले १०५ मिनिटं. म्हणजे दिवसभर थोडंथोडं चरणं बंद, घोट घोट चहा पीत काम करणं बंद. अलायनर लावल्यावर वजन उतरलं असं काही जण सांगतात, त्यामागचं कारण एवढंच.

सात दिवसांच्या ट्रेला २२ तासांप्रमाणे १५४ तास मिळतात. कोणी रोज १६ तासच घातला तर ११२. फरक ४२ तासांचा, म्हणजे एका आठवड्यात जवळजवळ दोन दिवस ट्रे घातलाच नाही असा हिशोब होतो. पुढचा ट्रे दात पूर्ण सरकला असं धरून बनवलेला आहे, तुमच्या हजेरीचा त्याला पत्ता नाही. चारपाच ट्रे असं चाललं की ट्रे दातांवर बसेनासा होतो.

सर्वात जास्त तास जातात ते जेवणानंतर. जेवलो, गप्पा रंगल्या, आता घासूनच घालू, आणि दोन तास उलटले. म्हणून एक गोष्ट ठरवून टाका: ट्रे तोंडातून काढला की फोनवर ४५ मिनिटांचा गजर. आठवडाभर तरी हे करून पाहा, आपला अंदाज किती चुकतो ते कळेल.

कधी सलग बरेच तास हुकलेच तर त्या ट्रेवर एक-दोन दिवस जास्त थांबा. पुढे उडी मारून वेळ भरून निघत नाही.

खाणं, पिणं आणि सफाई

ट्रे घातलेला असताना फक्त पाणी. तेही गरम नको, प्लॅस्टिक वाकडं होतं. चहा-कॉफीने ट्रे आणि अटॅचमेंट पिवळट पडतात हा त्यातला किरकोळ तोटा. खरा धोका गोड पेयांचा आहे. एरवी साखर आणि आम्ल लाळेने धुऊन निघतात. ट्रेखाली लाळ नीट पोहोचत नाही, आणि गोड पाणी तासन्तास दाताला बिलगून राहतं. सरळ झालेल्या दातांवर पांढरे डाग आणि कीड दिसते ती अशी येते. साखर नसलेला सोडाही आम्लयुक्त असतो, तो चालेल असं समजू नका.

खाल्ल्यावर ब्रश करून मगच ट्रे घाला. बाहेर असाल आणि शक्यच नसेल तर खळखळून चूळ भरा, ट्रे पाण्याखाली धरा आणि घाला. घरी आल्यावर घासा. घासता येत नाही म्हणून ट्रे खिशात ठेवून दिवस काढणं हे त्याहून वाईट. रात्री फ्लॉस आणि फ्लोराइडची पेस्ट चुकवू नका.

ट्रे मऊ ब्रशने, कोमट किंवा गार पाण्यात, साध्या साबणाने धुवा. टूथपेस्टमधल्या खरखरीत कणांनी त्यावर बारीक ओरखडे पडतात आणि तो धुरकट दिसू लागतो. ट्रेला वास येत असेल तर ट्रेसाठीच्या गोळ्या किंवा क्रिस्टल मिळतात.

आणि डबी. ट्रे हरवण्याची सर्वात नेहमीची रीत म्हणजे जेवताना तो टिश्यू पेपरात गुंडाळून ताटाशेजारी ठेवणं. ताटाबरोबर तोही कचऱ्यात जातो. एक डबी घरी, एक पिशवीत, एक कामाच्या जागी. उघड्यावर ठेवलेला ट्रे पाळीव कुत्रे हमखास चघळतात, ही तर जगभरातल्या ऑर्थोडॉन्टिस्टांची नेहमीची तक्रार.

ट्रे बदलताना आरशात काय पाहायचं

नवा ट्रे रात्री झोपताना सुरू करा. पहिले सर्वात आवळलेले तास झोपेत जातात.

पण जुना सोडण्यापूर्वी त्याच्यासह आरशासमोर उभे राहा, मोबाइलचा दिवा ओठांवर धरा. प्रत्येक दाताच्या टोकापाशी पाहा: ट्रे आणि दात यांच्यामध्ये रिकामी, चकचकीत फट दिसते का? वरचे बाजूचे पटाशीचे दात, म्हणजे मधल्या दोघांच्या शेजारचे, आणि सुळे इथे ती बहुधा आधी दिसते. मग अटॅचमेंटकडे पाहा. उंचवटा ट्रेमधल्या खोबणीत बरोबर बसलाय, की खोबण एकीकडे आणि उंचवटा दुसरीकडे? नव्या ट्रेमध्ये पहिल्या दिवशी किंचित फट चालते. शेवटच्या दिवशी ती उरता कामा नये.

फट दिसली तर त्या दाताखाली च्युई दिवसातून दोनदा पाचसात मिनिटं चावा आणि ट्रे आणखी काही दिवस ठेवा. तरी फट जात नसेल तर फोटो काढून डॉक्टरांना पाठवा. कॅलेंडर सांगतंय म्हणून पुढचा ट्रे चढवू नका. एका दाताची फट पुढच्या चार ट्रेमध्ये वाढतच जाते.

ट्रे हरवला किंवा तुटला तर डॉक्टरांना कळवा. तोवर मागचा ट्रे घालून ठेवा, म्हणजे दात मागे सरकणार नाहीत. हरवलेला ट्रे जवळजवळ पूर्ण वापरून झाला असेल तर बऱ्याचदा डॉक्टर थेट पुढचा चालू करायला सांगतात. म्हणून वापरून झालेले निदान शेवटचे दोन ट्रे धुऊन, नंबर लिहून जपून ठेवा, आणि प्रवासात मागचा आणि पुढचा दोन्ही बरोबर न्या. एखादी अटॅचमेंट निघाली तर घाई नाही, पण फोन करा; काही दातांचं सगळं काम तिच्यावरच चाललेलं असतं.

रबर बँड दिले असतील तर तेही याच शिस्तीत. ते दातांच्या रांगा एकमेकींवर नीट बसवतात, आणि अनेक जण दात दिसायला सरळ झाले की रबर सोडून देतात. मग दात सरळ आणि चावा चुकीचा, अशी स्थिती उरते.

मधले महिने आणि जादा ट्रे

सोप्या केसला सहा महिने पुरतात, मध्यम केसला वर्ष ते दीड वर्ष, अवघड केसला त्याहून जास्त. पहिल्या दोनतीन महिन्यांत फरक दिसतो आणि उत्साह असतो. मग बरेच आठवडे आरशात काहीच बदललेलं वाटत नाही, कारण मुळं आणि दाढा हलत असतात. ट्रे चुकवायला सुरुवात होते ती याच काळात. महिन्यातून एकदा त्याच जागी, त्याच उजेडात दातांचा फोटो काढत जा. रोज न दिसणारा फरक त्यात दिसतो.

दर सहा ते दहा आठवड्यांनी डॉक्टर तपासतात. तपासणी पाच मिनिटांत संपली तरी ती टाळू नका.

शेवटचा ट्रे संपला म्हणजे उपचार संपला असं बहुतेक वेळा होत नाही. पुन्हा स्कॅन होतो आणि उरलेल्या हालचालींसाठी ट्रेचा नवा संच येतो. याला रिफाइनमेंट म्हणतात. शिस्तीने ट्रे घालणाऱ्यांनाही ते लागतं, त्यात अपयश काही नाही. सुरुवातीपासूनच ते धरून चला. याच वेळी स्पष्ट बोला: अमुक दात अजून फिरलेला वाटतो, या बाजूने घास चावला जात नाही. दाढा एकमेकींना टेकत नाहीत अशी तक्रार शेवटी बऱ्याच जणांची असते. दिवसभर दोन ट्रेंची जाडी दाढांच्या मधे राहिल्याने हे होतं, झोपेत दात खाणाऱ्यांना जास्त. किंचित फट काही आठवड्यांत आपोआप भरून येते. जास्त असेल तर डॉक्टर ट्रेचा मागचा भाग कापतात किंवा रबर देतात. दाढा नीट टेकल्याशिवाय अटॅचमेंट काढू देऊ नका, कारण त्या काढल्यावर नवं काही करायचं तर पुन्हा चिकटवाव्या लागतात.

रिटेनर

दात नव्या जागी आले तरी त्यांच्याभोवतीचं हाड पक्कं व्हायला महिने लागतात, आणि हिरडीतले ताणलेले तंतू तर वर्षभर दाताला जुन्या जागेकडे ओढत राहतात. फिरवलेले दात सर्वात लवकर परततात. शिवाय उपचार केलेला असो वा नसो, वयानुसार सगळ्यांचेच दात थोडे पुढे झुकतात. म्हणून रिटेनर काही महिन्यांपुरता नसतो. साधारणपणे पहिले तीन ते सहा महिने जवळजवळ दिवसभर, नंतर रोज रात्री, आणि सरळ दात हवे असतील तोवर.

रिटेनर तीन तऱ्हेचे: ट्रेसारखाच पारदर्शक, तारेचा आणि अॅक्रिलिकचा काढता येणारा, आणि दातांच्या मागे चिकटवलेली बारीक तार. खालच्या पुढच्या दातांत पूर्वी गर्दी असेल तर मागे चिकटवलेली तार आणि रात्रीचा पारदर्शक ट्रे असं दोन्ही घ्यावं असं माझं मत. तारेखाली कीटण साठतं, तिथे सुईसारख्या दोरीवाहकाने फ्लॉस ओवून साफ करावं लागतं. तार एखाद्या दातावरून सुटली तरी जागेवरच असल्यासारखी वाटते आणि तेवढ्यात तो दात वळतो. म्हणून महिन्यातून एकदा जिभेने आणि बोटाने प्रत्येक दातामागे चाचपून पाहा.

पारदर्शक रिटेनर झिजतात आणि तडकतात, त्यामुळे सुरुवातीलाच दोन संच करून घ्या आणि शेवटचा स्कॅन आपल्याकडे मागून ठेवा. दुसऱ्या गावी गेलात तरी त्यावरून नवा बनवता येतो. रिटेनर रात्री घालताना आवळल्यासारखा वाटला तर पुढचे काही दिवस तास वाढवा. तो बसायलाच तयार नसेल तर जोर लावू नका. शेवटचा ट्रे जपून ठेवला असेल तर तो बसतो का पाहा आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठा. दोन आठवड्यांत सरकलेला दात दोनचार ट्रेमध्ये परत आणता येतो, दोन वर्षांत सरकलेल्या दातांसाठी पुन्हा स्कॅनपासून सुरुवात करावी लागते.